कुणाचाच नसलेला माल

“जयवंत, तुझी बायको यातली कुठली रे?”

कप्तान मिनेझिसांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. मी ती डोळ्यांना लावली आणि शिरसेबंदरचा धक्का एकदम अंगावर आला. इतकी माणसं त्या धक्क्यावर मी रवळनाथाच्या जत्रेलासुद्धा पाहिली नव्हती. मागे पोलीस, पोलिसांपुढे ओळीने उभे रिकामे ट्रक, आणि ट्रकांपुढे आमच्या वाड्यातल्या बायका. मासळीच्या टोपल्या उपड्या घालून त्या त्यांच्यावर बसल्या होत्या. सगळ्यांच्या पुढे, जिथे बार्जचा दोर बांधतात त्या लोखंडी खुंटाला पाठ लावून, सुगंधा बसली होती.

“ती. खुंटाला टेकलेली.”

“म्हणजे तिला उठवल्याशिवाय बार्ज बांधता येणार नाही.”

“नाही.”

“उठेल?”

मी दुर्बीण त्यांना परत दिली. सुगंधा एकदा बसली की तिला कोण उठवणार? लग्नानंतर पहिल्याच वर्षी हे मला कळलं होतं.

सकाळपासून मी आमच्या जहाजाच्या क्रेनने पोटातला माल काढून त्या बार्जमध्ये भरला होता. माल उतरला की जहाज मोकळं, आणि जहाज मोकळं झालं की मी मोकळा. समोर माडांच्या शेंड्यांमधून माझ्या घराचं कौलारू छप्पर दिसत होतं. आदल्या दिवशी मी दाढी केली होती. घरी न्यायची पिशवी बांधून खाटेवर ठेवली होती.

दुपार कलली. भरलेली बार्ज धक्क्यासमोर घुटमळत राहिली. एकदा पोलीस पुढे आले. बायका हलल्या नाहीत. पोलीस मागे गेले. मग बार्जने तोंड फिरवलं आणि ती आमच्याकडे परत यायला लागली.

“क्रेन सुरू कर,” कप्तान म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

सकाळी जे बाहेर काढलं होतं, ते संध्याकाळी मी माझ्याच हाताने परत आत टाकलं.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा मी ‘लुमिरा’ नावाच्या मालवाहू जहाजावर सारंग होतो, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. मालक एका देशातला, झेंडा कुठल्याशा बेटाचा, माल तिसऱ्याच देशातला आणि खलाशी मिळतील तिथले. अशीच असतात जहाजं. या खेपेला मात्र एक नवल घडलं होतं. घाटावरच्या एका कागद गिरणीने परदेशातून जुनी रद्दी मागवली होती आणि ती उतरायची होती आमच्या शिरसेबंदरात. आपल्याच गावच्या बंदरात आपलं जहाज घेऊन जायचा योग कुठल्या खलाशाच्या नशिबी येतो? निघतानाच मी सुगंधाला फोन केला होता, “धक्क्यार उभी रव. मी जहाजासकट येतंय.”

बंदराबाहेर नांगर टाकला आणि तपासणीला अधिकारी आले. वरच्या थरातले गठ्ठे रद्दीचेच होते. त्यांच्याखाली मात्र काळी, ओलसर राख निघाली. कचरा जाळायच्या भट्टीतली. राखेत इस्पितळातल्या पिशव्या, फुटक्या बॅटऱ्या, तारा. नमुने गेले, त्यांत शिसं आणि पारा निघाला. गिरणी म्हणाली, आम्ही रद्दी मागवली होती, हे आमचं नव्हे. ज्या देशातून जहाज भरलं तो देश म्हणाला, विकलेला माल आम्ही परत कशाला घेऊ? मालकाने फोन घेणंच बंद केलं.

कप्तान मिनेझिस गोव्याचे, कुंकळ्ळीचे. ही त्यांची शेवटची सफर होती. एकदा जेवताना मी त्यांना विचारलं, “साहेब, असा कुणाच्याही दारात कचरा टाकायला जगात बंदी नाही का?”

“आहे ना. कचरा दुसऱ्या देशात पाठवायचा तर त्या देशाने आधी लेखी होकार द्यावा लागतो. बहुतेक जगाने मानलेला नियम आहे तो. पण तो कचऱ्याला, जयवंत. मालाला दुसरे नियम. माल अडवलास तर तू व्यापार अडवलास. मग खटला तुझ्यावरच.”

“मग हे आपल्या पोटात आहे ते काय? कचरा की माल?”

“त्यावरच तर वकील भांडतायत. तिकडचा म्हणतो, या राखेतून धातू काढता येतात, तेव्हा हा कच्चा माल. इकडचा म्हणतो, हे विष. काय ते ठरेपर्यंत आपण इथे.”

“आणि आपण कोण?”

कप्तानांनी ताटातला काटा बाजूला काढला. “आपण? आपण त्याच्याबरोबर आलेलो.”

एकेक करून बाकीचे खलाशी आपापल्या देशी गेले. कप्तान आणि मी, दोघंच उरलो; माल उतरेपर्यंत आम्हाला जहाज सोडायची परवानगी नव्हती. मग न्यायालयाने तात्पुरता निकाल दिला, की माल उतरवून गावाच्या वरच्या जुन्या चिरेखाणीत झाकून ठेवावा, पुढचं पुढे बघू. तात्पुरतं म्हणजे किती, हे कुणीच सांगत नव्हतं. त्या खाणीच्या पायथ्याशी गावाची विहीर आहे. म्हणून बायका धक्क्यावर बसल्या होत्या, आणि दोन दिवसांत न्यायालयालाही तो निकाल मागे घ्यावा लागला.

बार्ज परत आली त्या संध्याकाळी सुगंधाचा फोन आला. जहाजाच्या मागच्या टोकाला, दोराच्या गुंडाळ्यावर उभं राहिलं तरच फोन लागायचा.

“दिसलंय मी तुमका?” ती म्हणाली.

“दिसलंस.”

“मगे?”

“माल उतारलो असतो तर मी आज घराक असतंय, सुगंधा.”

“माका म्हायत हा.”

“तरी बसलंस?”

“तरी बसलंय. घोव घराक येवचो म्हणान विष गावात घेवचा काय? तुमीच सांगा.”

मी म्हटलं, “जेवलंस काय?”

“नाय अजून. तुमी?”

“नाय.”

तेवढंच बोलणं झालं.

संक्रांतीनंतर कप्तानांच्या पायाची जखम चिघळली. मधुमेह होता, औषधं संपत आली होती. त्यांना न्यायला लाँच आली, आणि त्याच लाँचमधून न्यायालयाचा माणूस आला. खटला मिटेपर्यंत जहाज जप्तीत होतं. जप्तीतल्या जहाजावर कुणीतरी जबाबदार माणूस हवाच. जनरेटर चालवायला, अंधार पडला की दिवे लावायला, नांगर बघायला. नांगर सुटला तर एवढं धूड सरळ गावच्या खडकांवर येणार आणि राख खाडीत जाणार. उरलो होतो मी एकटा, त्यातून इथलाच. त्याने माझं नाव लिहून घेतलं. जहाज सोडून गेलो तर गुन्हा, म्हणाला. तसा बरा माणूस होता. जाताना मला त्याची पाण्याची बाटली देऊन गेला.

कप्तानांना खुर्चीत बसवून खाली सोडलं. दोर माझ्याच हातात होता. खाली टेकल्यावर त्यांनी वर बघून ओरडून सांगितलं, “बोलत राहा रे. स्वतःशी तरी बोल. गप्प बसलास तर जहाज तुला खाईल.”

मी बोलायचा प्रयत्न केला. पण माणसाला स्वतःशी बोलायला किती विषय असतात? वीस जणांच्या भटारखान्यात मी एका माणसाचा भात शिजवायचो. लोखंडी जिन्यांवरून उतरलो की माझीच पावलं माझ्यामागून यायची. पुढे पुढे मी बूट काढून ठेवले आणि अनवाणी फिरायला लागलो. राखेने हाताला खाज सुटायची, ती खाजवत डेकवर बसून राहायचो.

गाव इतकं जवळ होतं, हेच वाईट होतं. जमिनीकडून मतलई वारा सुटला की सकाळी धक्क्यावरच्या लिलावातला गलका ऐकू यायचा. पापलेटला काय बोली लागली तेही कळायचं. दुपारी वारा उलटा फिरायचा आणि जहाजाचा वास गावात जायचा. मग सुगंधाचा फोन यायचा. “आज वास येता,” म्हणायची. दुसरं काही नाही. वास येतो म्हणायची, पण मला ते वेगळंच ऐकू यायचं. मी त्या फोनची वाट बघायचो.

शिमग्यात आये गेली.

गावातून ढोल ऐकू येत होते, पालखी निघाली होती. अचानक ढोल थांबले. मला वाटलं, वारा पडला. मग फोन वाजला.

“आये गेली,” सुगंधा म्हणाली. “पेज खाल्ल्यान आणि आडवी झाली. झोपेतच.”

मी न्यायालयाच्या माणसाला फोन लावला. सणाची सुट्टी होती. त्याने वरच्याला विचारलं, वरच्याने त्याच्या वरच्याला. बदली माणूस आल्याशिवाय सोडता येत नाही, आणि बदली माणूस कुठून आणायचा? उद्या बघू, म्हणाले. आयेला उद्यापर्यंत कसं ठेवणार?

आमच्याकडे वाळूवरच दहन करतात, सुरूच्या बनापलीकडे. भावकीतल्या एकाने अग्नी दिला. मी दुर्बीण लावून बघितलं. दुर्बिणीतून माणसं जवळ येतात, धूर जवळ येत नाही. तो जिथे आहे तिथेच राहतो. कोण कोण उभं आहे ते मी ओळखत गेलो. सुगंधा दिसली नाही; बायका तिथपर्यंत जात नाहीत. मी बादलीभर पाणी घेतलं, मागच्या टोकाला जाऊन अंगावर ओतलं आणि ओल्यानेच तिथे बसून राहिलो.

त्यानंतर सुगंधाचे फोन कमी झाले. आम्हाला मूलबाळ नव्हतं. इतके दिवस घरात सासू होती, आता ती एकटी. इकडे मी एकटा. दोघांच्या मध्ये एवढंसं पाणी. बोलायला काहीच नसल्यासारखं झालं.

चैत्राच्या सुरुवातीला एक वेगवान लाँच आली. पांढरा शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा. जहाजाच्या मालकाचा मुंबईतला एजंट, कीर्तीकर नावाचा. इतके महिने मी फक्त त्याचं नाव ऐकलं होतं. तो शिडी चढून वर आला, नाकाला रुमाल लावला, मग माझ्यासमोर बरं दिसत नाही म्हणून खिशात ठेवला.

“कोयंडे, तुमचे फार हाल झाले. आईंचंही कळलं. वाईट वाटलं.”

मी खुर्ची दिली. तो बसला नाही.

“हे प्रकरण अजून वर्षभर हलणार नाही,” तो म्हणाला. “दोन देशांमध्ये पत्रं चाललीयेत. एक म्हणतो नियम मोडला, दुसरा म्हणतो नियमाचा अर्थ तुम्हाला कळला नाही. आणि आता पावसाळा येतोय. हा नांगर पावसाळा काढेल?”

“नाही काढणार,” मी म्हटलं. ते खरंच होतं. साखळी झिजली होती. मी ते दोनदा कळवलं होतं.

“बघा. मग जहाज कुठे जाणार? तुमच्याच गावावर.” त्याने आवाज खाली आणला, जणू जहाजावर तिसरं कुणी होतं. “माझ्याकडे माणसं तयार आहेत. जहाज ओढायला एक टग पण आहे. पहिलं वादळी हवामान आलं की जहाज बाहेर खोल समुद्रात न्यायचं. नांगर धरत नव्हता, गाव वाचवायला बाहेर नेलं, असं सांगायचं. बाहेर लाटांनी झाकणं उचकटली, माल गेला. रिकामं जहाज परत आणायचं. रिकाम्या जहाजाला कुठलंही बंदर घेतं. कुणाचं काही म्हणणंच उरत नाही.”

“माल गेला म्हणजे आपण टाकायचा.”

“समुद्र केवढा मोठा आहे, कोयंडे!”

“मग मला कशाला विचारता? माणसं तुमची, टग तुमचा.”

“न्यायालयाने तुमच्या ताब्यात दिलंय ना जहाज. जबानी तुमची लागणार. स्थानिक माणूस, खलाशी, बायको आंदोलनातली. तुम्ही सांगितलंत तर कुणी शंका घेणार नाही. चार दिवसांत तुम्ही घरी.” तो गेला तेव्हा शिडीवरून म्हणाला, “विचार करा. गावाच्या विहिरीत तर जात नाहीये ना?”

मी विचार केला. नाही केला असं म्हणणार नाही. आमचे ट्रॉलर कुठवर जातात आणि त्यापलीकडे पाणी किती खोल आहे, हे मला ठाऊक होतं. पाण्यातलं पाण्यातच राहत नाही, मासा घेऊन येतो, हेही ठाऊक होतं. पण आयेच्या चितेचा धूरही माझ्या डोळ्यांसमोर होता. मी सुगंधाला फोन केला. म्हटलं, “एक विचारूचा हा. फोनार नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. तिचा भाऊ भिवा स्वतःच्या छोट्या होडीतून तिला घेऊन आला. तिला जहाजावर चढायला मनाई होती आणि मला होडीत पाय टाकायला. मी बाजूची शिडी अगदी पाण्यापर्यंत सोडली आणि शेवटच्या पायरीवर जाऊन बसलो. लाट आली की पाय भिजत होते. भिवा मागे इंजिन चालू ठेवून, काठीने होडी जहाजापासून आवरून धरत होता. त्या धडधडीत त्याला आमचं काही ऐकू जाणार नव्हतं. शहाणा माणूस; त्याने तोंडही दुसरीकडे केलं.

किती महिन्यांनी मी तिला दुर्बिणीशिवाय बघत होतो. केस बरेच पांढरे झाले होते. दुर्बिणीतून ते दिसले नव्हते.

“किती बारीक झालास!” ती म्हणाली आणि डबा पुढे केला. “घावणे हत. खावा आधी.”

मी डबा मांडीवर ठेवला आणि एजंटाचं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मध्ये फक्त एकदा विचारलं, “खंय टाकतले?”

“भायर. खोल पाण्यात.”

“आणि तुमी?”

“मी घराक.”

होडी वर गेली, खाली आली. तिने माझ्या पायरीचा कठडा धरला होता. तिची नजर पाण्यावर होती. काळसर, तेलाची साय आलेलं पाणी जहाजाच्या अंगाला चाटत होतं.

“टाकूं देत,” ती म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“टाकूं देत त्यांका. आणि तुमी घराक येवा. माझ्याच्यान आता होवचा नाय. आयेक शेवटचा पाणी मी एकटीच्या हातान पाजलंय. तुमी हयसर धुराकडे बघीत होतास. घरात दोन ताटां घेतंय आणि एक परत ठेवतंय. किती दिस? कोणासाठी?”

“सुगंधा...”

“परवा शेजारीण काय म्हणाली म्हायत हा? तुझो घोव थंय आसा म्हणान बरा, जहाज जाग्यार ऱ्हवता. हसान म्हणाली. माका सगळे बाय म्हणतत, पुढे बसयतत. रातीक कोण येता माझ्या घरात? टाकूं देत. समुद्र काय माझ्या एकटीचो नाय.”

हे सगळं ती पाण्याकडे बघून बोलत होती. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. आणि मला ती दिसली: पहाटे धक्क्यावर टोपली पुढ्यात घेऊन बसलेली, गिऱ्हाइकाला माशाचा कल्ला उघडून दाखवणारी. लाल बघ, ताजो हा, म्हणणारी.

“नाय,” मी म्हटलं.

“काय नाय?”

“नाय टाकूचा.”

“मी सांगतंय तरी?”

“तू सांगतंस तरी.”

तिने कठडा सोडला आणि माझ्या कानाखाली वाजवली. चांगली जोरात. डबा मांडीवरून घसरला आणि पाण्यात गेला. घावणे एकेक करून पांढरे तरंगत होडीमागे गेले. भिवाने चमकून वळून बघितलं.

“चल रे भिवा,” ती म्हणाली. पदर तोंडाला लावून बसली ती, होडी धक्क्याला लागेपर्यंत तशीच. तेवढं मी दुर्बिणीतून बघितलं.

कीर्तीकरला मी फोनवर नकार दिला. म्हटलं, जहाज हललं तर मी खरं तेच सांगेन. मग न्यायालयाच्या माणसाला साखळीबद्दल तिसऱ्यांदा कळवलं, आणि या वेळी सगळं सांगितलं, टगसकट. त्याने काय केलं ते ठाऊक नाही, पण आठवड्याभरात तटरक्षकांची बोट आमच्याभोवती फिरायला लागली. कीर्तीकर पुन्हा आला नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर तोडगा निघाला. तो देश माल परत घ्यायला तयार झाला. कचरा म्हणून नव्हे. ‘चुकीच्या नावाने पाठवला गेलेला माल’ म्हणून. तो शब्द सापडला आणि दोन्हीकडचे वकील खूश झाले. कचरा परत घेतला असता तर नियम मोडल्याची कबुली झाली असती. मालाचं नाव चुकणं म्हणजे नुसती कारकुनी चूक. एक मोठा टग आला, जहाज ओढून घेऊन गेला. ताब्यातला माणूस म्हणून मलाही बरोबर जावं लागलं. नांगर उचलला तेव्हा गावात फटाके वाजले. मी मागच्या टोकाला उभा होतो. हात केला. इतक्या लांबून कुणाला दिसणार?

तिकडे पोचल्यावर त्यांनी जहाज एका आडबाजूच्या धक्क्याला लावलं, माझी सही घेतली आणि मला विमानात बसवलं. त्या मालाचं पुढे काय झालं, मला सांगितलं नाही.

मी घरी आलो तेव्हा भरपूर पाऊस चालला होता. सुगंधाने दार उघडलं, टॉवेल दिला, पाणी तापवलं. मला वाटलं, ती काहीतरी बोलेल. तिला वाटलं असेल, मी बोलेन. त्या रात्री पानात घावणे होते. आम्ही दोघांनी ते मुकाट्याने खाल्ले.

पाऊस सरल्यावर गावाने तिचा सत्कार ठेवला. देवळासमोर मंडप, तालुक्याचे पुढारी, शाल, श्रीफळ. “या बाईने नवऱ्याचा विचार केला नाही, गावाचा केला,” एक जण माइकवर म्हणाला. टाळ्या झाल्या. तिला बोलायला उभं केलं. तिने गर्दीत मला शोधलं. मी मागे खांबाशी उभा होतो. आमची नजर भिडली आणि तिने माइक परत दिला. शालही घेतली नाही. लोक म्हणाले, बघा, किती साधी बाई!

त्यानंतर आम्ही वीसेक वर्षं एका घरात काढली. भांडलो नाही. आजारपणात एकमेकांचं केलं. पण तो दिवस आमच्यामध्ये तसाच नांगर टाकून राहिला. माझ्या नकाराचा तिला राग होता असं मला वाटत नाही. तिने म्हटलेलं मी ऐकलं होतं, ते ऐकणारा जगात मी एकटाच होतो, आणि तोच माणूस रोज समोर जेवायला बसत होता. मी ते कुणाला सांगितलं नाही. भिवालाही नाही. गावात अजून तिचं नाव घेतात, आणि घ्यावंच. धक्क्यावर बसली होती ती तीच होती. होडीत बसली होती तीही तीच.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ, मी चमच्याने तिला पेज भरवत होतो. दोन घास घेतले आणि तिने माझा हात बाजूला केला.

“त्या दिसा तुमच्या तोंडातना होय इला असता तर?”

कुठला दिवस, हे मला विचारावं लागलं नाही.

“तर काय?”

“तर माझ्याच्यान तुमका कधी माफ करूक झाला नसता.”

मी वाटीतली पेज ढवळत राहिलो. मग धीर करून म्हटलं, “आणि नाय म्हटलंय, ता माफ केलंस?”

ती छपराकडे बघत राहिली. मग तिच्या ओठांच्या कडा हलल्या.

“ता तरी खंय झाला?” ती म्हणाली, आणि हसली. इतक्या वर्षांत मी तिचं ते हसणं ऐकलं नव्हतं. लग्न झालं तेव्हाचं. हसता हसता खोकला लागला. मी पाठ चोळली. खोकला थांबल्यावर तिने उशीवर मान टेकली.

“पेज थंड झाली,” ती म्हणाली. “ऊन करून हाडा.”

मी वाटी घेऊन चुलीपाशी गेलो. पेज ऊन झाली तरी बराच वेळ तिथेच उभा राहिलो.